अगाशीचे कुलूप आणि मुळातला चांगुलपणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला माणसाच्या उपजत चांगुलपणावरचा लेख वाचला. आमच्याकडे पुरवणी दुपारी येते, कधी दुसऱ्या दिवशी येते, म्हणून पत्राला उशीर. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहायला बसले. लेख इतका भिडला असा मात्र गैरसमज नसावा.

लेखकमहाशयांनी माणूस मुळात चांगला म्हणणाऱ्या रूसोला खांद्यावर घेऊन माणूस मुळात स्वार्थी म्हणणाऱ्या हॉब्जला चीत केले, ते त्यांचे ते जाणोत. पण ज्या रूसोच्या भरवशावर मूल जन्मतः निष्पाप ठरले, त्याने स्वतःची पाचही मुले अनाथालयात पोचवली होती, ही एक ओळ घातली असती तर काय बिघडले असते? लाकडी ठोकळ्यांच्या प्रयोगाचेही तेच. 2007 साली अमेरिकेत येल विद्यापीठात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी टेकडी चढणाऱ्या ठोकळ्याला खाली लोटणारा सोडून वर ढकलून मदत करणाऱ्या ठोकळ्याकडे हात नेला, हे खरे. माझी नात मानसशास्त्र शिकते. तिने मोबाइलवर पुढचे काढून दाखवले. तोच प्रयोग पुढे 37 प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर केला, त्याचा निकाल 2024 मध्ये आला, आणि बाळांची निवड जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली. म्हणजे छापा-काटा. हे आपल्या लेखकांपर्यंत पोचले नाही की सोयीचे नव्हते?

असो. माझा राग त्यावर नाहीच. आपण लेखाच्या मधोमध आमच्या बडोद्याच्या पुराचा फोटो टाकलात. कंबरभर पाण्यातून म्हाताऱ्या बाईला पाठुंगळी घेऊन चाललेला तरुण, आणि खाली ओळ, ‘संकटात माणसाचे खरे रूप दिसते.’ दिसते ना! मी ऑगस्ट 2024 मध्ये अडीच दिवस जिन्यात बसून पाहिले आहे.

सोमवारी गोकुळाष्टमी होती. सुंठवडा केला होता, वाटायचा राहिला. मंगळवारी पहाटे मोरीच्या जाळीतून पाणी उलटे वर यायला लागले आणि आठ वाजता गॅसची शेगडी सोडून खाली काही कोरडे उरले नाही. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तो हा पूर, आकडे आपण छापलेच होते. आम्ही तळमजल्यावरची चार बिऱ्हाडे आणि कंपाउंडबाहेरच्या झोपड्यांतली पंधराएक माणसे जिन्यात चढून बसलो. पाऊस, अंधार, लाइट गेलेली, आणि वर अगाशीला, म्हणजे गच्चीला, कुलूप.

किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. मे महिन्यातच अगाशीवर वॉटरप्रूफिंग करून चायना मोझेक बसवले होते, दर घरी भुर्दंड पडला होता. ते तिसऱ्या मजल्यावरून खाली वाकून म्हणाले, “मने कांई वांधो नथी, बेन, पण बीजा मेंबरो…” म्हणजे माझी काही हरकत नाही, पण बाकीचे मेंबर. बाकीचे मेंबर म्हणजे कोण, तर तिथेच जिन्यात उभे असलेले. एकेकाला विचारले. कुणालाच वांधो नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि कुलूप आपले जागच्या जागी.

आता जे लिहिते ते कुणाला सांगितलेले नाही. सेक्रेटरी मराठी वाचत नाहीत म्हणून धीर होतो. अगाशीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी दर वर्षी वर कुरडया-सांडगे घालते, त्यासाठी फार वर्षांपूर्वी करून घेतलेली. त्या दिवशी ती माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत होती, पासबुके आणि यांच्या गोळ्यांच्या पाकिटांबरोबर. झोपडीतली एक बाई कडेवर पोर घेऊन माझ्या पायरीपाशी आली आणि म्हणाली, “बा, चावी नथी?” मी म्हणाले, “सेक्रेटरींना विचार.” का म्हणाले? त्याच वर्षीच्या उत्तरायणाला पतंग उडवायला बाहेरच्या पोरांना किल्ली दिली, म्हणून भर मीटिंगमध्ये माझी शोभा झाली होती. तेवढेच कारण. पाणी पाचव्या पायरीला लागले होते आणि माझ्या डोक्यात मीटिंग!

शेवटी कुलूप तोडले दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने. हा मुलगा जिन्यात समोर आला तरी मान हलवत नाही आणि रात्री बारा वाजता मोटारसायकल रेझ करतो. त्याच्याशी माझे दोन वर्षे बोलणे नव्हते. तो आला, माझ्या सामानातला लोखंडी बत्ता न विचारता उचलला आणि चार घावांत कडी उखडली. सगळे वर गेले. सेक्रेटरींच्या घरून पातेलेभर चहा आला, तोही न मागता. माझा सुंठवडा अगाशीवर वाटला गेला. कडेवरच्या त्या पोरीने दोनदा मागून खाल्ला.

बुधवारी यांचे इन्शुलिन संपले. फ्रिजमधले पाण्यात गेले होते. मी कुणाला काही म्हणण्याआधी सेक्रेटरी ट्रकच्या ट्यूबला धरून छातीभर पाण्यात उतरले. वय बासष्ट. मगरींच्या बातम्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होत्या, आणि त्या अफवा नव्हत्या, पाणी उतरेपर्यंत वनखात्याने गावातून वीसच्या वर मगरी पकडल्या. तीन तासांनी ते डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून परत आले. पैसे घेतले नाहीत. मी दोनदा दिले, दोनदा परत केले.

आणि ऑक्टोबरच्या मेंटेनन्स बिलात माझ्या एकटीच्या नावावर ‘कुलूप व कडी दुरुस्ती, रु. 480’. विचारले तर म्हणाले, बत्ता तुमचा होता ना! वर पुन्हा तेच, मने कांई वांधो नथी, पण कमिटी. मी भरले नाहीत. दर तिमाहीला ‘मागील बाकी 480’ छापून येते. आता आपल्या लेखकांना विचारा, या गृहस्थांना कुठल्या खणात घालू? आणि मला?

लेखकांना दाखला आमच्या गावातूनच हवा होता तर तोही होता. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन 1913 मध्ये अमेरिकेला पाठवलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये नोकरीला बडोद्यात आले, तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही घालवले. मग ते दोन मित्रांकडे गेले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. धर्मशाळेबाहेरच्या काठ्या आम्हाला शाळेपासून ठाऊक आहेत. माझ्या मनातून हे दोन मित्र जात नाहीत. शिकलेले, सभ्य, विचारल्यावर हळहळलेले. त्यांनाही स्वतःला वांधो नव्हताच, आड आले ते नोकर आणि बायको. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढले. त्या बागेत मी रोज सकाळी फिरायला जाते.

आणखी एक. मागे मी पाणीपुरवठ्यावर पत्र पाठवले होते. त्यात मी तीन वेळा ‘बडोदे’ लिहिले, आपण तिन्ही ठिकाणी ‘वडोदरा’ केलेत. सरकारी कागदावर काय आहे ते मलाही कळते. पण मराठी वर्तमानपत्रात मराठी बाईने आपल्या गावाला बडोदे म्हटले तर आपल्या उपसंपादकांना कसला त्रास होतो? पत्र लांबले म्हणून कापायचे झाल्यास रूसो कापावा. 480 रुपये कापू नयेत. आणि नाव छापू नये, सेक्रेटरींचे जावई पुण्याचे आहेत.

आपली,
दांडिया बाजारात वाढलेली,
आता विश्वामित्रीकाठी राहणारी एक वाचक,
बडोदे