फाइलवरची एक ओळ

आदरणीय डॉक्टर मॅडम,

परवा बाबांच्या अंगातून काढलेल्या रक्ताची अठरावी पिशवी झाली. अंगात साठलेलं लोह दाखवणारं फेरिटिन 3,100 वरून 1,200 वर आलंय. रिपोर्ट बघून तुम्ही ‘छान’ म्हणालात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून हे पत्र.

बाबा एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक होते. चोविसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस नाही, मद्य नाही. तीन वर्षांपूर्वी थकवा सुरू झाला, बोटं दुखायला लागली, रंग काळवंडला. आम्ही म्हटलं, जन्मभर उन्हात गाड्यांखाली काम केलंय, होणारच. मग साखर निघाली. एका डॉक्टरांनी रक्त न तपासताच लोहाचं टॉनिक लिहून दिलं. ज्या माणसाच्या अंगात लोह मावत नव्हतं, त्याला मी चार महिने रोज माझ्या हाताने दोन चमचे लोह पाजलं. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

पुढे एका मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली, लिव्हरमध्ये दोष निघाला. ‘किती घेता?’ बाबा म्हणाले, ‘माळकरी आहे हो मी.’ तिथले डॉक्टर हसले. ‘सगळे असंच सांगतात, काका.’ आणि फाइलवर लिहिलं, क्रॉनिक अल्कोहोलिक. त्यानंतर जिथे गेलो तिथे आधी ती ओळ वाचली गेली. बाबांकडे बघायची मग कुणाला गरजच वाटली नाही. गावाहून काका भेटायला आले, त्यांच्याही कानावर गेलं. जाताना ते म्हणाले, ‘दादा, निदान माळ तरी काढून ठेव.’ त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

तुम्ही फाइल उघडण्याआधी बाबांचा हात हातात घेतलात. तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं मूळ दाबून विचारलंत, ‘इथंच ना?’ बाबा चमकून बघायला लागले. मग फाइल उघडलीत, ती ओळ वाचलीत. ‘बाबा, कधी घेतलीय?’ ‘नाही.’ ‘बरं.’ एवढंच. पेनाने ती ओळ आडवी खोडलीत, वर स्वच्छ अक्षरात लिहिलंत, ‘रुग्णाने आयुष्यात मद्य घेतलेले नाही’, आणि खाली तारीख घालून सही केलीत. तोवर तुमच्याकडे एकही तपासणी झालेली नव्हती, मॅडम! तुम्ही रिपोर्टच्या आधी माणसावर विश्वास ठेवलात.

हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा आजार, हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं तरी पुरतं, जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, आणि आत किती घ्यायचं याचा हुकूम लिव्हरमध्ये तयार होणारं हेपसिडिन नावाचं संप्रेरक देतं. तो हुकूम ढिला पडला की लोह लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, सांध्यांत साठत जातं. युरोपात ज्या जनुकीय दोषामुळे हे बहुतेकांना होतं, तो 1996 साली सापडला, पण आपल्याकडे क्वचितच दिसतो. म्हणून त्या जनुकाची ती एक चाचणी निगेटिव्ह आली की लोक विषय सोडून देतात. तुम्ही इतकी वर्षं लोह आणि लिव्हर यांवरच काम केलंत, म्हणून सोडला नाहीत. बाबांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते, 88 टक्के निघालं, 45च्या वर गेलं की शंका घ्यायची असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितलीत, ती बाबांनी मनात धरून ठेवलीय. शेल्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1935 मध्ये तीनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून लिहिलं होतं की हा जन्मजात दोष आहे, दारूचा नाही. तरी पुढे कित्येक वर्षं काही डॉक्टर दारूलाच दोष देत राहिले. ‘म्हणजे मी एकटा नव्हतो,’ बाबा गाडीत म्हणाले. कळव्याचा पूल येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

एका पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. इतका साधा उपचार! लिव्हरचा सिरॉसिस होण्याआधी तो सुरू झाला, हे तुमच्या ज्ञानामुळे. पण बाबा पुन्हा मान वर करून सोसायटीत वावरतात, ते त्या खोडलेल्या ओळीमुळे. हुशार डॉक्टर ठाण्यात पुष्कळ आहेत. समोरच्या म्हाताऱ्या माणसाचं ‘नाही’ हे ‘नाही’ म्हणूनच ऐकणारी माणसं, मग ती दवाखान्यात असोत, बँकेत असोत की रेशनच्या रांगेत, फार थोडी भेटली. तुमच्या नर्सताईही त्यातल्याच. सुई लावताना त्या बाबांची माळ हलकेच बाजूला सरकवतात, काढायला सांगत नाहीत.

सख्ख्या भावंडांची तपासणी करा म्हणालात, म्हणून काकांना बोलावून घेतलं. त्यांचंही सॅच्युरेशन वाढलेलंच निघालं. परवा दोघं भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर होते. काकांची पहिलीच वेळ, सुई बघून घाम फुटला होता. बाबांनी आपला मोकळा हात पुढे करून त्यांचा हात धरला. ‘दुखत नाही रे,’ म्हणाले, ‘तू नुसता वर पंख्याकडे बघ.’

आपली ऋणी,
तुमच्या माळकरी पेशंटची मुलगी, कळवा