किटण काढणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

सरकारी दंत रुग्णालयात माझ्या आईचे दात साफ करणाऱ्या डेंटल हायजिनिस्ट ताई, तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे असे आभार.

आईला मधुमेह, त्यात मिशरीची जुनी सवय. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिनं ब्रश करणंच सोडलं होतं. रक्त येतं ते साचलेल्या किटणामुळे, ब्रश थांबवला की किटण वाढतं आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही, हे तुम्ही तिला समजावलंत. स्केलिंगनं, म्हणजे किटण खरवडून काढल्यानं, दात हलायला लागतात, ही तिची धास्ती तर किती घरांत आहे! तुम्ही आरसा तिच्या हातात दिलात आणि दाखवलंत: किटण निघालं की फटी दिसतात, दात झिजलेला नसतो. मिशरी सोडायला सांगितलीत, पण टाकून एक शब्द बोलला नाहीत. तिनं ऐकलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

१९४८च्या दंतवैद्यक कायद्यानं हायजिनिस्टच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, तरी दवाखान्याच्या पाटीवर तुमचं नाव क्वचितच असतं.

तुम्हाला आणि दिवसभर वाकून हेच काम करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना मनापासून धन्यवाद. आईनं नमस्कार सांगितलाय.