ताई, जपानी वाक्याची मराठीतून वाट दाखवल्याबद्दल मनापासून थँक्यू

ताई, तुमचे आभार समोर मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे टोकियोत निशी-कासाईत आपली एवढी माणसं राहतात, कित्येक जण जपानीचं पुस्तक आणून पार्टिकल्सपाशी, म्हणजे वा, गा, नि, दे, ओ या नामामागे लागणाऱ्या प्रत्ययांपाशी, येऊन सोडून देतात, त्यांच्याही कामाला येईल.

तुमचं पहिलं सांगणं होतं की इंग्लिश मधे आणूच नकोस. माझी सगळी पुस्तकं इंग्लिशमधली, त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी इंग्लिश आणि मग उलटं करून जपानी असा दुहेरी प्रवास चालायचा. तुम्ही वहीत लिहिलंत ‘वाताशि वा तोशोकान दे होन ओ योमु’ आणि खाली ‘मी लायब्ररीत पुस्तक वाचते’, शब्दाखाली शब्द, काहीच हलवावं लागलं नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, नकार अगदी टोकाला, प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’. ‘किमासु का?’ ‘येता का?’ दोन्हीकडे का! उच्चार जुळतो तो निव्वळ योगायोग, भाषांचं नातं वगैरे काही नाही हे तुम्ही लगेच सांगितलंत ते पण आवडलं, कारण असल्या गोष्टींवरून लोक कुठल्या कुठे जातात.

पण खरी कमाल ‘गा’ ची. ‘मला आंबा आवडतो’ यात आवडणारी मी, पण आवडतो हे रूप आंब्याप्रमाणे चालतं ना, तसंच ‘मांगो गा सुकि’. मला पाणी हवंय, ‘मिज़ु गा होशिइ’. मला जपानी येतं, ‘निहोङ्गो गा देकिरु’. मला कळतं, ‘वाकारु’, तिथेही गा. इंग्लिशवरून शिकताना हे सगळे अपवाद म्हणून पाठ करायचे असतात, मराठी माणसाला त्यात पाठ करण्यासारखं काय आहे? आपण लहानपणापासून असंच बोलतो. आणि ‘वाताशि नि वा वाकारानाइ’ म्हणजे ‘मला नाही कळत’, तिथे तर ‘नि’ सरळ ‘ला’ च्या जागी येऊन बसतो.

तसंच नामाच्या आधी लागणारं अख्खं वाक्य. ‘किनोऽ कात्ता होन’, काल घेतलेलं पुस्तक. ‘हाहा गा त्सुकुत्ता र्योऽरि’, आईने केलेला स्वयंपाक. जो-जी-जे काही लागत नाही, क्रियापद थेट नामाला चिकटतं. हे कळल्यापासून मुलीच्या शाळेतून येणाऱ्या नोटिशींमधली लांबलचक वाक्यं मी तोडून वाचू शकते ताई, आधी ती नवऱ्याच्या ऑफिसमधून येण्याची वाट बघत टेबलावर पडून असायची.

आणि मराठी जिथे पुरत नाही तिथे तुम्ही ते स्पष्ट सांगितलंत, ओढूनताणून बसवलं नाहीत, हा मला तुमचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. आपण टोकियोत राहतो आणि टोकियोतच काम करतो, दोन्हीला ‘त’, पण तिकडे ‘तोऽक्योऽ नि सुन्दे इरु’ आणि ‘तोऽक्योऽ दे हाताराकु’. नुसतं असणं-राहणं असेल तर नि, तिथे काही घडत असेल तर दे. वर ‘देन्शा दे इकु’ मधला दे म्हणजे आपला ट्रेनने मधला ‘ने’. बसमध्ये चढायचं तर ‘बासु नि नोरु’, उतरायचं तर ‘बासु ओ ओरिरु’, बागेतून चालायचं तरी ‘ओ’, म्हणजे ओ दिसला की कर्म असं धरून चालत नाही, जी जागा सोडतो किंवा जिच्यातून जातो तिलाही तो लागतो.

वा आणि गा साठी तर तुम्ही मला स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकायला लावलीत. ‘मामोनाकु, इचिबानसेन नि’ म्हणजे थोड्याच वेळात एक नंबरवर, मग कुठे जाणारी ते, आणि मग ‘गा मायरिमासु’, म्हणजे येतेय. गाडी येतेय ही नवी बातमी, म्हणून गा; ज्याच्याबद्दल आधीपासून बोलणं चालू आहे त्याला वा. ‘दारे’ म्हणजे कोण, तो कर्ता असेल तर त्याच्यामागे वा नाही, कायम गाच, कारण जे माहीतच नाही त्याच्याबद्दल आधीपासून बोलणं चालू कसं असेल. आणि ‘तानाका-सान वा किमाशिता’ मधल्या ‘वा’ वर जोर दिला तर ‘तानाका तर आले’, बाकीच्यांचं बघा काय ते. हा ‘तर’ मला कुठल्याच पुस्तकात मिळाला नसता.

मुलगी विचारायची की ‘हा’ लिहून ‘वा’ का वाचतात, आता तिला सांगता येतं की 1946 मध्ये स्पेलिंगं उच्चाराप्रमाणे केली तेव्हा वा, ए आणि ओ या तीन प्रत्ययांचं लिखाण तेवढं जुनंच ठेवलं.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, स्वतःची नोकरी सांभाळून रविवारची दुपार दिलीत, आणि तेच तेच विचारलं तरी दरवेळी नवं उदाहरण काढलंत. खूप खूप थँक्यू ताई. आता उकेमी, म्हणजे जपानीतला कर्मणी प्रयोग, सुरू केलंय, ‘आमे नि फुरारेता’ ला तुम्ही ‘पावसाने गाठलं’ म्हणालात ते एकदम पटलं, पण मग हा ‘नि’ इथे ‘ने’ चं काम कसा करायला लागला ते रविवारी नीट सांगा, वही घेऊन येते.