पालकमंत्रीसाहेब, तारीख नको, हिशेब द्या

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
यांना सप्रेम नमस्कार.

आपला दौरा ठरला की सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत डिजिटल बोर्ड झळकतात. त्यावर आपल्यापेक्षा बोर्ड लावणाऱ्याचा फोटो मोठा असतो, त्यामुळे त्याचा राग मी आपल्यावर काढत नाही. हे पत्र गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण करून देण्यासाठी आहे.

१८९७ साली गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले होते. वय जेमतेम एकतीस. पुण्यात प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसत होते. बायकांवर अत्याचार झाल्याची पत्रं मित्रांकडून आली आणि गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रांत सांगितलं. त्याच सुमारास इकडे प्लेग अधिकारी रँडचा खून झाला, वातावरण तापलं, सरकारने पुरावा मागितला. मुंबईला उतरल्यावर ते पुराव्यासाठी फिरले, पण ज्यांनी लिहिलं होतं त्यांच्यातलं कोणी पुढे यायला तयार नव्हतं. मित्रांची नावं सांगून सुटका करून घेता आली असती. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून शब्द जाहीरपणे मागे घेतले आणि माफी मागितली. भित्रा म्हणून त्यांची संभावना झाली. माफी एवढी सपशेल मागायला हवी होती का, याबद्दल मला आजही शंका आहे. पण हाताखालच्या कुणावर ढकलून ते मोकळे झाले नाहीत, एवढं नक्की.

पाच वर्षांनी हाच माणूस व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला. २६ मार्च १९०२ च्या त्या भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला धरलं: रयत दुष्काळाने मोडलेली असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. दरवर्षी तीच मागणी, तोच हिशेब. १९०७ पर्यंत तो कर एका रुपयावर आला. आणि त्याच काळात ते पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही सांभाळत होते. साम्राज्याचा जमाखर्च तपासणाऱ्याला गावाचं पाणी-गटार कमीपणाचं वाटलं नाही.

आता आमच्या नळाकडे येतो. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूरचं नाव आलं, पेढे वाटले गेले. उजनीहून पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या तर इतक्या तारखा ऐकल्या की लोक हसायला लागले. विडी घरकुलाकडे, विडी कामगारांच्या वसाहतीत, एखाद्या घरात डोकावून बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, आणि कान मात्र नळाकडे. पाणी आलं की सूप बाजूला सारून घागरी, बॅरल, टोप, हाताला येईल ते भरायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते. पाण्याच्या दिवशी हजार पुरे होत नाहीत. हे नुकसान कुठल्या अंदाजपत्रकात धरलं जातं?

तारीख चुकली याचा राग कमी आहे, साहेब. पाइप टाकायला अडचणी येतात, जमिनीचे वाद होतात, ठेकेदार बदलतात, हे आम्हाला कळतं. तारीख का चुकली आणि कुणाच्या निर्णयाने चुकली, हे कधीच कुणी येऊन सांगत नाही, राग त्याचा आहे. एका कार्यालयात विचारायला गेलो तर माहितीचा अर्ज टाका म्हणाले. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर न मागता माहिती जाहीर करायला सांगतं. विचारायला हक्काचा नगरसेवक म्हणाल, तर २०२२ पासून काही वर्षं सभागृहच नव्हतं, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं. हे सोलापुरात व्हावं? ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवणारं हे गाव. त्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. दरवर्षी ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत त्यांच्या पुतळ्यांना हार घालायला सगळे पक्ष येतात.

आम्ही तरी कुठे साव आहोत. नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांना कोणी टोकत नाही, कारण उद्या तोच लग्नाला बोलावणार असतो. गोखले ज्याला सार्वजनिक जीवनाचं अध्यात्मीकरण म्हणत, त्याची आमची इयत्ता ही.

तर मागणी एवढीच. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. पुढच्या बैठकीला याल तेव्हा एक दिवस जास्त काढा आणि पूर्व भागात एखाद्या शाळेच्या पटांगणात बसा. पाणीयोजनेला पैसा किती आला, किती खर्च झाला, कुठली तारीख का हुकली, याचा एक कागद मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापून आधी वाटा. मग प्रश्न घ्या. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, चालेल. हार-तुरे आणि बोर्ड नकोत.

आणि वेळ ठरवण्याआधी त्या भागात पाण्याची पाळी कधी आहे ते विचारून घ्या, नाहीतर बायका येणार नाहीत.

आपला,
सोलापूर शहरातला एक मतदार