पिचिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी सूचना

न्यू जर्सीतील आपल्या ११-१२ वयोगटाच्या बेसबॉल संघाचे सामने येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या मैदानावर सुरू होत असून, मुलांच्या हाताला इजा होऊ नये म्हणून आखलेल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांनुसार कोणत्याही पिचरला (फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू दिले जाणार नाहीत, याची पालकांनी नोंद घ्यावी.

१. ६६ किंवा अधिक चेंडू टाकल्यास पुढील ४ दिवस पिचिंग बंद राहील. मुलाने दुसऱ्या संघाकडून खेळताना टाकलेले चेंडूही यातच धरले जातात; कृपया आकडा लपवू नये.

२. चेंडू सोडताना कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरू लागले, की मूल दमले आहे असे समजून, सामना कितीही रंगलेला असला तरी, त्याला थांबवले जाईल.

३. कोपर आतल्या बाजूने दुखत असल्यास बर्फ लावून खेळवू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.