आधी नात्यातली गरज

बकरी ईदच्या निमित्ताने आपल्या अंकात आलेला, 'कुर्बानीऐवजी ती रक्कम गरजूंना द्यावी' असे सुचवणारा लेख वाचला. लेखकाची कळकळ मान्य आहे, पण प्रश्न इतका सरळ नाही. इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाच्या मतानुसार निसाबएवढी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेएवढी, मालमत्ता असलेल्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे आणि जिलहिज या इस्लामी महिन्याच्या १० ते १२ या दिवसांत तेवढी रक्कम दान करून ती फिटत नाही. शाफई आणि हंबली या पंथांच्या मतांत मात्र ती सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे आग्रहाची पण सक्तीची नव्हे.

खरा प्रश्न उरतो तो दुसऱ्या, तिसऱ्या ऐच्छिक जनावराचा. विधवा बहिणीच्या दारी गोश्ताची पिशवी वेळेवर पोहोचते. त्याच घरात फळीवर मुलाच्या थकलेल्या फीची नोटीस पडलेली असते, तिची चौकशी कोणी करत नाही. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. गरिबाला दिलेले दान हे एक दान, नातेवाइकाला दिलेले मात्र दुहेरी, दान आणि नाते जोडणे, असे हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, सांगते. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती तुमची तकवा, म्हणजे अल्लाहचे भय राखणारी निष्ठा, हे कुरआनातील सूरा हजच्या ३७व्या आयतीत स्पष्ट आहे. म्हणून वाजिब कुर्बानी जरूर करावी, पण वरच्या जनावराचे पैसे आधी त्या बहिणीच्या हातात द्यावेत, तेही चारचौघांत नव्हे.

- एक वाचक