'शिक्षा' म्हणजे काय?

महोदय,

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आमच्या तिसरीच्या वर्गात घरी भोजपुरी, हिंदी, अहिराणी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. परवा एकाने 'राजाने चोराला शिक्षा केली' हे वाक्य न अडखळता वाचले. अर्थ विचारला, तर म्हणाला, "राजा ने चोर को पढ़ाया!" हसू आले, पण त्याचे काय चुकले? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षणच.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाला २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर समजून वाचणारी मुले हवी आहेत. आपण मात्र घडाघडा वाचण्यालाच शाबासकी देतो. धड्याआधी असे फसवे शब्द मुलांशी बोलून घ्यावेत, गोष्ट घरच्या बोलीत सांगू द्यावी. कुणी अहिराणीत 'आंडेर' म्हटले तर खोडू नये, शेजारी 'मुलगी' लिहावे.

- एक शिक्षिका, नाशिक